शाळा व्यवस्थापन समितीतले पालक निवडतं कोण?

पिवळी_ज्वारी

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. मुलगा तिसरीत, मुलगी सहावीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिली ते सातवी, पट ११८.

गेल्या आठवड्यात मुलीचं बोनाफाईड आणायला शाळेत गेले होते. मुख्याध्यापिका बाई वर्गावर होत्या म्हणून ऑफिसात बसले. टेबलावर शाळा व्यवस्थापन समितीची प्रोसिडिंगची वही उघडी होती. पान दोन वर्षांपूर्वीच्या पालक सभेचं. समिती 'सर्वानुमते' निवडली असं लिहिलेलं आणि खाली हजर पालकांच्या सह्या. सतराव्या ओळीत माझं नाव, पुढे सही. मी त्या सभेला नव्हते. सभा झाली हेच मला माहीत नव्हतं. मी सही करताना नावामागे 'सौ.' लावत नाही, लग्न झाल्यापासून कधीच लावलेलं नाही. तिथे 'सौ.' लावून, आडनावाखाली रेघ ओढून सही केलेली. त्याच पानावर शेजारच्या दोघींची नावं होती. घरी येऊन त्यांना विचारलं, तर त्याही गेल्या नव्हत्या.

आताच्या अध्यक्षांचा मुलगा गेल्या जूनपासून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. तरी चेकवर सही त्यांचीच चालू आहे.

या महिन्यात दोन वर्षं पुरी होतात, म्हणजे नवी समिती होणार. ती कशी व्हायला हवी? कोण किती, निवडायचं कुणी, सभा कशी घ्यायची? नीट माहीत असेल तर सभेत उभी राहून बोलेन. बाईंशी वैर नाही, त्या मनापासून शिकवतात. पण माझी सही दुसऱ्या कुणी करावी हे मला झोपू देत नाहीये.

---

खडू_फळा

ताई, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो, शेवटची ९ वर्षं मुख्याध्यापक. तुम्ही विचारलंत ते सविस्तर सांगतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. आपल्या राज्याचा शासन निर्णय १७ जून २०१० चा, आणि पुढे २०११ ची नियमावली.

समिती १२ ते १६ जणांची, सदस्य सचिव धरायचा नाही. त्यात किमान ७५ टक्के पालक. म्हणजे १२ ची समिती असेल तर ९ पालक. उरलेल्या तीन जागांपैकी एक ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्याची, एक शिक्षकांनी आपल्यातून निवडलेल्या शिक्षकाची आणि एक गावातल्या शिक्षणाची जाण असलेल्या माणसाची. ही शेवटची निवडही पालकांनीच पालक सभेत करायची असते. कुणी वरून नाव पाठवायचं नसतं, आणि हे बहुतेक गावांत ठाऊकच नाही. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. दोन विद्यार्थी, एक मुलगा एक मुलगी, बसतात पण त्यांना मत नाही. मुख्याध्यापक सदस्य सचिव. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच. सरपंच, शिक्षक किंवा शिक्षणप्रेमी अध्यक्ष होऊ शकत नाही.

आणि पालक म्हणजे त्या शाळेत मूल असलेला पालक. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की पालक म्हणून बसायचा आधारच जातो. तुमच्या अध्यक्षांची जागा गेल्या जूनमध्येच रिकामी धरून पालक सभेत भरायला हवी होती.

आता सह्यांबद्दल. नऊ वर्षांच्या काळात मी स्वतः दोनदा गावातून आलेल्या कागदावरची नावं सभेत वाचून दाखवली आणि 'सर्वानुमते' लिहिलं. सही कुणाची खोटी केली नाही, पण ते लिहितानाही मला माहीत होतं की बोलले चारच जण आणि बाकीचे माना खाली घालून बसले होते. त्याची बोचणी आजही आहे. म्हणून सांगतो, सभेची तारीख ठरायच्या आत बोला. सभा सुरू झाल्यावर फार थोडं हातात राहतं.

---

फळीवरची_पाटी

हे सगळं खासगी अनुदानित शाळेलाही लागू आहे का? माझी मुलगी संस्थेच्या शाळेत आहे. तिथे 'शाळा समिती' म्हणून काही आहे, पण त्यात पालक नाहीत.

---

दुसरी_घंटा

@फळीवरची_पाटी, तुमच्याकडे दोन समित्यांची गल्लत होतेय. मी एका संस्थेच्या कार्यालयात काम केलंय म्हणून सांगते.

अनुदानित शाळेची मालक असते संस्था. ती सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, म्हणजे १९५० च्या, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. तिची कार्यकारिणी तिच्या घटनेप्रमाणे संस्थेचे सभासद निवडतात. पालकांना तिथे मत नसतं. कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज करून धर्मादाय आयुक्तांकडून मान्य करून घ्यावा लागतो. कित्येक संस्थांमध्ये दोन गट, दोन बदल अर्ज आणि मधे शाळा लोंबकळत, असं वर्षानुवर्षं चालतं. तुम्ही म्हणता ती 'शाळा समिती' खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यातली आणि १९८१ च्या नियमावलीतली. त्यात संस्थेची माणसं, मुख्याध्यापक, शिक्षक प्रतिनिधी. नेमणुका, शिस्त असली कामं तिच्याकडे.

पालकांची व्यवस्थापन समिती अनुदानित शाळेतही करावी लागतेच. पण २०१२ च्या दुरुस्तीनं अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमध्ये तिचं काम फक्त सल्ला देण्याचं ठेवलं. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळेत तसं नाही, तिथे ती शाळेच्या कामावर देखरेख करते, शाळा विकास आराखडा करते, अनुदानाचा खर्च तपासते. ज्वारीताईंच्या हातात तुमच्यापेक्षा जास्त आहे.

---

सिंहगड_पायथा

विनाअनुदानित इंग्रजी शाळांमध्ये तर ही समितीच नाही. आमच्याकडे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती. फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यानं वर्ष सुरू झाल्यावर ३० दिवसांत संघ करायचा, आणि कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून घ्यायचे. प्राचार्य अध्यक्ष, उपाध्यक्ष पालक. फीचा प्रस्ताव या समितीपुढे येतो, म्हणून चिठ्ठी कुणाची निघते याला महत्त्व आहे. आमच्या शाळेनं पहिल्या वर्षी चिठ्ठ्या बंद केबिनमध्ये काढून निकाल फलकावर लावला. आम्ही अकरा पालकांनी लेखी मागणी केली, दुसऱ्या वर्षी सभागृहात सगळ्यांसमोर काढल्या. एका पहिलीतल्या मुलीनं बरणीत हात घालून काढल्या. तेवढ्यानं फार फरक पडला.

---

विहीरकाठ

मी सध्या सेवेत आहे, दोनशिक्षकी शाळा. ताईंची खोटी सही झाली हे चूकच, त्याला बचाव नाही. पण आमचीही बाजू मांडू द्या.

समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा. शिवाय मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, आणि २०२५ मध्ये समित्या एकत्र होईपर्यंत पालक-शिक्षक संघ, माता-पालक संघ, पोषण आहाराची देखरेख, प्रत्येकाची वेगळी वही. बारापैकी तीन-चार माणसं येतात. कोरम नाही म्हणून बैठक तहकूब लिहिली तर केंद्रप्रमुख विचारतात का झाली नाही. मग शिक्षक वही घेऊन दारोदार सह्या गोळा करत फिरतो. खुरपायला गेलेली बाई बांधावर सही करते, कशावर केली हे ती विचारत नाही आणि मी सांगायला थांबत नाही. तिथूनच हे सुरू होतं. आज बांधावर सही, उद्या ती बाई घरी नसते आणि सही मात्र हवी असते.

मला यातून सापडलेला एकच मार्ग: सभा सकाळी अकराला घ्यायची नाही. अकराला रोजंदारीवरचा माणूस येणार नाही, येतो तो ज्याला दिवसा काम नाही तो, आणि मग समिती त्याचीच होते. आम्ही गेल्या वेळी संध्याकाळी साडेसातला, दूध घालून झाल्यावर सभा घेतली. ४२ पैकी ३३ घरं आली. शाळेत वीज होती, सतरंज्या अंथरल्या, दुसरं काही केलं नाही.

---

गावगाडा

एक विचार मांडतो. निवडणूक लावली की गाव फुटतं. ग्रामपंचायतीचं पॅनल शाळेत शिरतं. आमच्याकडे एकदा चिठ्ठ्यांनी मतदान झालं, हरलेल्या गटानं वर्षभर शाळेच्या कार्यक्रमाला पाऊल टाकलं नाही. एकमतानं नावं ठरवणं हीच आपल्याकडची रीत आहे आणि त्यात शहाणपण आहे. कायद्यातही मतपेटी हवी असं म्हटलेलं नाही.

---

वस्ती_३

@गावगाडा, एकमत कुणाचं ते सांगा. आमची वस्ती शाळेपासून दीड किलोमीटर. शाळेत आमची ३० मुलं आहेत, पट ९०. म्हणजे तिसरा हिस्सा. सात वर्षांत आमच्या वस्तीचा एक पालक समितीत होता, तोही 'एक नाव हवं' म्हणून घातलेला. त्याला बैठकीचा निरोप यायचा नाही. पारावर नावं ठरतात, सभेत फक्त वाचली जातात, आणि आमच्यातलं कुणी हात वर करून 'नाही' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या रानात कामाला जायचं असतं. म्हणून आमची माणसं गप्प बसतात आणि तुम्ही त्याला एकमत म्हणता.

कायद्यात मतपेटी नाही, मान्य. पण प्रमाणात प्रतिनिधित्व आहे ना? ९ पालकांत आमचे ३ असायलाच हवेत. ते ३ कोण हे आमच्या वस्तीनं ठरवायचं.

---

गावगाडा

@वस्ती_३, तुमचं म्हणणं पटलं. हात वर करण्याचा त्रास कुणाला होतो हे मी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं. फुटीची भीती मला अजून वाटते, पण गप्प बसलेल्याला होकारात मोजू नये हे खरं.

---

तोडकरी_घर

बीडकडून लिहितोय. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, एप्रिलपर्यंत परत नाहीत. पोरं मागे राहिली तर आजी-आजोबांकडे, नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहात. ते वसतिगृह चालवायची जबाबदारी याच समितीवर असते. म्हणजे ज्यांच्या पोरांसाठी वसतिगृह, तेच आई-बाप समितीच्या बैठकीला सहा महिने गावात नसतात. डाळीला पाणी किती, रात्री कोण झोपायला येतं, हे बघायला त्यांचं कुणी नाही.

दोन गोष्टी सांगतो. एक, निवडीची पालक सभा जून-जुलैत घ्या. डिसेंबरात घेतलेली सभा म्हणजे आमच्यासाठी झालीच नाही. दुसरी, आजी पालक म्हणून चालत नाही असं आमच्या शाळेत तोंडावर सांगितलं होतं. ते खरं आहे का?

---

खडू_फळा

@तोडकरी_घर, चालते. कायद्यात नुसते आई-वडील नाहीत, 'पालक' शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये आहे: ज्याच्याकडे मुलाची देखभाल आणि ताबा आहे ती व्यक्ती. मूल आजीजवळ राहत असेल, आजीच त्याला शाळेत घालत-आणत असेल, तर आजी पालक सभेत बसू शकते आणि समितीतही येऊ शकते. शाळेच्या दाखल खारिज रजिस्टरमध्ये पालक म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघून घ्या. आई-बाप बाहेर असतील तर मुख्याध्यापकांना तसं लेखी देऊन ठेवा.

@पिवळी_ज्वारी, मतदान गुप्त कसं करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वस्ती_३ यांचं वाचून सांगावंसं वाटलं. आमच्या शाळेत शेवटच्या वेळी आम्ही असं केलं. लिहिता न येणारे पालक बरेच होते, चिठ्ठी चालली नसती. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या नावाचा एक रिकामा तेलाचा डबा ठेवला, झाकणाला भोक पाडलं, डब्यावर त्या पालकाच्या मुलाचा वर्गातला फोटो चिकटवला. डबे फळ्यामागे. प्रत्येक घराला जितक्या जागा तितके चिंचोके हातात दिले. फळ्यामागे जायचं, चिंचोके टाकायचे, बाहेर यायचं. एका डब्यात एकच चिंचोका असं आधी समजावून सांगितलं. मग सगळ्यांसमोर डबे उपडे करून मोजले. नव्वदीची एक आजी फळ्यामागून बाहेर आली ती पदराला हात पुसत हसत आली, तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणी न बघता मत दिलं असं ती म्हणाली.

जागांची वाटणी आधी करून घ्या. तुमचा पट ११८. वंचित आणि दुर्बल घटकातली मुलं किती ते मुख्याध्यापकांकडे असतं. समजा ३९ असतील, तर ९ मध्ये ३ जागा त्यांच्या पालकांच्या, त्यांनीच निवडलेल्या. बाकी ६ वर्गांप्रमाणे विभागा, पण सातवीतून नको. सातवीचं मूल वर्षात बाहेर पडतं आणि जागा रिकामी होते. एकूण १२ मध्ये ६ बाया होतील असं बघा.

---

पिवळी_ज्वारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही चौघी बाईंकडे गेलो. मी वहीतली सही दाखवली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ती वही त्या रुजू व्हायच्या आधीची, पण त्यांनी आल्यावर पाहिली होती आणि गप्प राहिल्या. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठीही.

सभा रविवारी संध्याकाळी ठेवायला तयार आहेत. पण गावातून फोन आलाय की बुधवारी सकाळीच उरकून टाका, नावं ठरलेली आहेत. बाई एकट्या पडतील. लेखी काय देऊ आणि कुणाला?

---

दुसरी_घंटा

साधा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना. जितक्या पालकांच्या सह्या तितक्या चांगल्या, प्रत्येकानं स्वतः केलेल्या. चार मुद्दे पुरे: सभेची लेखी सूचना प्रत्येक मुलाच्या वहीत द्यावी, वेळ संध्याकाळची असावी, प्रमाणाप्रमाणे जागा आधी फलकावर लावाव्यात, आणि इतिवृत्त सभेतच लिहून वाचून दाखवावं. पोच घ्या. तारीख-शिक्का असलेली पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

ऐकलं नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, त्यापुढे राज्य बाल हक्क आयोग. जुन्या सभेच्या पानाची प्रत माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मिळते, मुदत ३० दिवस. ती आत्ताच मागून ठेवा. पानं हरवतात.

---

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहिते, रेडिंगला राहते. मूळची इस्लामपूरची, माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेतच झालं. इथे मुलाच्या प्राथमिक शाळेत मी पालक गव्हर्नर आहे, तिसरं वर्ष. तुमचा धागा दोनदा वाचला, काही तुलना मनात आली.

आमची शाळा कौन्सिलची. अशा शाळेच्या गव्हर्निंग बॉडीत किमान ७ जण हवेत: मुख्याध्यापक, कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक, स्थानिक प्राधिकरणानं सुचवलेला एक, किमान दोन पालक, आणि बाकीचे मंडळानं स्वतः घेतलेले. हे बाकीचे कौशल्य बघून घेतात. आमच्याकडे एक हिशेबनीस आहेत, एक निवृत्त परिचारिका. म्हणजे इथे पालक अल्पमतात असतात. तुमच्या बारात नऊ पालक हे वाचून मला इथल्या सहकाऱ्यांना सांगावंसं वाटलं, आणि सांगितलंही. त्यांना खरं वाटेना.

निवड मात्र इथे नीट होते. शाळा सगळ्या पालकांना कळवते, उभं राहायचं असेल त्यानं स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या. जागांपेक्षा नावं जास्त आली तर गुप्त मतदान. मला ६१ मतं होती, दुसऱ्या बाईंना ५४. मुदत बहुतेक चार वर्षं, आणि मूल शाळेतून गेलं तरी ती पुरी करता येते, इथे तुमच्यापेक्षा नियम वेगळा आहे. पगार-मानधन काही नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा फरक मला वहीत दिसतो. इथे इतिवृत्त लिहायला वेगळा क्लार्क असतो, तो मुख्याध्यापक असू शकत नाही. बैठकीचे कागद सात दिवस आधी येतात. आधीच्या बैठकीचं इतिवृत्त पुढच्या बैठकीत मंजूर झाल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि मी दोनदा त्यात दुरुस्ती सुचवली आहे. आपल्याकडे ज्यांच्या कामावर देखरेख करायची तेच सदस्य सचिव, आणि वही त्यांच्याच कपाटात. यात शिक्षकांचाही छळ होतो, विहीरकाठ यांनी लिहिलंय तसा. कायदा लगेच बदलणार नाही, पण इतिवृत्त पालकांपैकी कुणी लिहावं आणि सचिवांनी सही करावी, एवढं ठरवायला कुणाची परवानगी लागू नये असं मला वाटतं.

---

विहीरकाठ

@थेम्सकाठी, हे मी पुढच्या महिन्यात करून बघणार. माझ्या डोक्यावरचं एक ओझं जाईल.

---

नगरपालिका_४

शहरातली अडचण वेगळी. २०२२ नंतर कित्येक महापालिकांमध्ये बराच काळ निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक होते. त्यामुळे स्थानिक प्राधिकरणाच्या प्रतिनिधीची जागा आमच्या शाळेत रिकामीच. माजी नगरसेवकाचे कार्यकर्ते येऊन बसायचे. आम्ही त्यांना चहा दिला, पण इतिवृत्तात सदस्य म्हणून घेतलं नाही. एवढं लक्षात ठेवा, 'निवडून आलेला' म्हणजे आज पदावर असलेला.

---

रानवाट

माझी बायको आमच्या गावात अध्यक्ष आहे. पहिले सहा महिने बैठकीला मीच जायचो, ती घरी सही करायची. एकदा तिनं विचारलं, पोषण आहाराची चव बघून वहीत नोंद करायची असते ती कोण करतं? मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली, खिचडीत मीठच नव्हतं आणि वहीत मात्र महिनाभराचे 'उत्तम' आधीच लिहून ठेवलेले होते. त्यानंतर मी बैठकीला गेलो नाही. ज्या घरात बाई सदस्य आहे त्या घरातल्या पुरुषांना माझी विनंती आहे, घरी थांबा, पोरं सांभाळा.

---

पिवळी_ज्वारी

सभा झाली. रविवारी, संध्याकाळी सातला. अर्जावर ५७ सह्या होत्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रत गेल्यावर बुधवारचा विषय कुणी काढला नाही. केंद्रप्रमुख स्वतः आले.

८६ घरांपैकी ७१ घरं आली. सूचना मुलांच्या वहीत होती, माझ्या तिसरीतल्या पोरानं ती घरात तीनदा वाचून दाखवली. जागा आधीच फलकावर लिहिल्या होत्या. वंचित गटातली मुलं ३९ नव्हे, ४२ निघाली, म्हणजे प्रमाण तीनच्या थोडं वर गेलं, आणि चर्चा होऊन चार जागा धरल्या. त्यावर दोघांनी आवाज चढवला. केंद्रप्रमुखांनी कायदा वाचून दाखवला, मग शांत झाले.

डबे ठेवले, खडू_फळा सर. तेलाचे मिळाले नाहीत म्हणून बिस्किटांचे पत्र्याचे घेतले. चिंचोके आमच्या सासूबाईंनी निवडून, धुऊन वाळवून दिले, सगळ्यांना सारखे हवेत म्हणून. फळ्यामागून टण्ण आवाज यायचा आणि बाहेर बसलेली माणसं एकदम गप्प व्हायची. मोजायला पाऊण तास लागला. तोड करणाऱ्या घरातली एक आजी निवडून आली, तिच्या डब्यात सगळ्यांत जास्त, ४४. शिक्षणप्रेमी म्हणून गावातल्या निवृत्त ग्रंथपालांना घेतलं, नाव सभेतूनच आलं. बारात सात बाया. अध्यक्ष चौथीतल्या मुलीची आई, पिठाची गिरणी चालवते, हिशेबात पक्की आहे. मी समितीत आहे, अध्यक्ष नाही, आणि मला तेच बरं वाटतं.

इतिवृत्त मी लिहिलं, बाईंनी सचिव म्हणून सही केली. वाचून दाखवल्यावर एकानं हात वर करून सांगितलं की त्याचं आडनाव चुकलंय. तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

आता कामाचं. जुने अध्यक्ष बँकेच्या सहीच्या बदलासाठी टाळाटाळ करतायत. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ५०,००० रुपये संयुक्त अनुदान येतं असं बाई म्हणाल्या, शिवाय गणवेशाची खरेदी आता पुन्हा समितीकडे आली आहे. सही बदलल्याशिवाय काहीच हलणार नाही. त्यांच्या मागे लागत बसायचं का?

---

खडू_फळा

ताई, वाचून डोळे भरले. त्या आजींना माझा नमस्कार सांगा.

मागे लागू नका, त्यांच्या संमतीची गरज नाही. पहिल्याच बैठकीत ठराव करा: जुन्या अध्यक्षांचं नाव कमी करून नव्या अध्यक्षांचं नाव खात्याला जोडावं, व्यवहार अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीनं. ठरावाची प्रत, निवडीच्या इतिवृत्ताची प्रत, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणि नव्या अध्यक्षांची ओळखपत्रं घेऊन बँकेत जा. पासबुक भरून घ्या आणि गेल्या जूनपासूनच्या नोंदी पावत्यांशी ताडून बघा. पावती नसलेला खर्च दिसला तर त्याची वेगळी यादी करून बैठकीपुढे ठेवा.

गणवेशाचं माप घ्यायला दोन आया नेमा. एका गणवेशाला ३०० रुपये धरलेले असतात, कापड आधी हातात घेऊन बघा, मग दर ठरवा. आणि शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी लागतो, म्हणजे डिसेंबरअखेर. आजी दिवाळीनंतर गावातच आहेत ना? मग त्यांना त्या कामात घ्या.

---

पिवळी_ज्वारी

आजी गावातच असतात, तोडीला त्यांचा मुलगा आणि सून जातात. पहिली बैठक येत्या शनिवारी, सात वाजता. ठराव लिहून ठेवलाय, इथे टाकते, शब्द तपासून द्या.

---

तोडकरी_घर

टाका ताई. आम्हालाही लागणार आहे, आमची सभा जुलैत आहे.